चेहरा एकीचा, नाव दुसरीचं

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



माध्यमांतल्या स्त्रीच्या प्रतिमेबद्दल आपण एरवी पुष्कळ बोलतो. जाहिरातीतली गृहिणी, मालिकेतली खाष्ट सासू, बातमीतली 'अबला', या सगळ्यांची आपण चिरफाड केली आहे. आज मला त्याच्याही आधीच्या पायरीबद्दल बोलायचं आहे. प्रतिमा चांगली रंगवली की वाईट, हा प्रश्न नंतरचा. जिचं नाव छापलं आहे, तिचाच हा फोटो आहे का, हा प्रश्न पहिला. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथल्या नामांकित माध्यमांना या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर काळ्या माणसांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा चुकीचं येतं. त्यातही काळ्या स्त्रियांच्या बाबतीत फार. आणि ही माणसं कुणी अनोळखी नसतात. जगभर ज्यांचे फोटो रोज छापले जातात अशी ती माणसं आहेत.

आधी शब्दाबद्दल थोडं सांगते. मी 'काळी माणसं' असंच म्हणणार आहे. आपल्याकडे सभ्यपणा म्हणून 'कृष्णवर्णीय' म्हणतात, जुन्या मराठी लिखाणात 'निग्रो' सापडतं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या या लोकांनी 'निग्रो' हा दुसऱ्यांच्या तोंडचा शब्द टाकून दिला आणि हिणवण्यासाठी वापरला जाणारा 'ब्लॅक' हा शब्द अभिमानाने उचलला. आपल्याकडे 'दलित' या शब्दामागेही असाच आग्रह होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलेलं होतं. आम्हाला काय म्हणायचं ते आम्ही ठरवू, असा तो आग्रह. तेव्हा 'काळे' म्हणताना अवघडायचं कारण नाही. अवघडायला हवं ते एका काळ्या बाईला दुसरीच्या नावाने हाक मारताना.

आता काही घटना सांगते. सगळ्या गेल्या दहाएक वर्षांतल्या आहेत.

२०१६ सालच्या ऑस्कर सोहळ्यात सौंदर्यप्रसाधनांबद्दल लिहिणाऱ्या एका अमेरिकन प्रकाशनाने व्हूपी गोल्डबर्गचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ओप्राच्या अंगावर गोंदण आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं! ओप्रा विन्फ्री आणि व्हूपी गोल्डबर्ग. दोघी १९८५च्या 'द कलर पर्पल' या चित्रपटात होत्या, एवढं सोडलं तर दोघींत काय सारखं आहे? अंगकाठी वेगळी, केस वेगळे, बोलणं वेगळं, काम वेगळं. लक्षात घ्या, हे त्या वर्षी घडलं ज्या वर्षी अभिनयाच्या वीसही नामांकनांत एकही काळा कलावंत नव्हता. सलग दुसऱ्या वर्षी नव्हता.

२०१७च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब सोहळ्यात 'हिडन फिगर्स' आणि 'फेन्सेस' हे दोन चित्रपट स्पर्धेत होते. पहिला नासामधल्या तीन काळ्या गणितज्ञ स्त्रियांवरचा, कॅथरीन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन यांच्यावरचा. दुसरा ऑगस्ट विल्सनच्या नाटकावरचा, पिट्सबर्गमधल्या एका कुटुंबाचा. विषय, धाटणी सगळं निराळं. त्या एका संध्याकाळी दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी, एका वार्ताहर बाईंनी आणि एका प्रसिद्ध नटाने, 'हिडन फेन्सेस' असं नाव घेतलं. म्हणजे नुसती माणसंच नव्हे, त्यांच्या कलाकृतीही यांच्या डोक्यात एकाच गाठोड्यात बांधलेल्या.

ऑगस्ट २०१८मध्ये अरेथा फ्रँकलिन ही थोर गायिका वारली. फॉक्स न्यूजने तिला श्रद्धांजली वाहताना दाखवलेल्या चित्रात पॅटी लाबेल ही दुसरी गायिका होती, आणि ती हयात होती. पुढे वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली. जानेवारी २०२०मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट मुलीसह हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला, तेव्हा बीबीसीच्या रात्रीच्या मुख्य बातमीपत्रात त्याच्या नावावर लेब्रॉन जेम्सची दृश्यं दाखवली गेली. 'मानवी चूक' म्हणून संपादकांनी माफी मागितली.

त्यानंतर दोनच आठवड्यांत, फेब्रुवारी २०२०मध्ये, बीबीसीच्या संसदवाहिनीवर खासदार मार्शा डी कोर्डोव्हा दिसत होत्या आणि खाली नाव होतं डॉन बटलर यांचं. लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड'ने या चुकीची बातमी केली, आणि त्या बातमीत मार्शा डी कोर्डोव्हा म्हणून फोटो छापला तो तिसऱ्याच खासदाराचा, बेल रिबेरो-ॲडी यांचा. चुकीची बातमी देतानाच तीच चूक!

आपण जरा थांबून या तिघींकडे बघू या, कारण बातमीत त्यांना कुणी बघितलंच नाही. डॉन बटलर पूर्वी मंत्री होत्या आणि त्या आठवड्यांत मजूर पक्षाच्या उपनेतेपदाची निवडणूक लढवत होत्या. मार्शा डी कोर्डोव्हा बॅटरसीमधून २०१७ साली निवडून आल्या. त्यांची दृष्टी फार अधू आहे, अंध म्हणून त्यांची अधिकृत नोंद आहे, आणि अपंगांच्या प्रश्नांवर त्या विरोधी पक्षाची बाजू मांडत. बेल रिबेरो-ॲडी डिसेंबर २०१९मध्येच स्ट्रेथममधून प्रथम निवडून आलेल्या. तीन मतदारसंघ, तीन आयुष्यं, तीन कामं. माध्यमांना दिसली ती एकच 'काळी महिला खासदार'.

माणसाकडून चूक होते, हे मला मान्य आहे. वर्तमानपत्राचं काम किती घाईचं असतं तेही ठाऊक आहे. फोटो संस्थेकडून येतो, खाली ओळ लिहिलेली असते, रात्रपाळीचा उपसंपादक ती उचलतो, पान सोडायची वेळ झालेली असते. पण ही घाई सगळ्यांसाठी सारखीच असते ना? मग चुका एकाच बाजूला का कलंडतात? गोऱ्या पुढाऱ्यांची, गोऱ्या नट्यांची अशी अदलाबदल कधीमधी होतही असेल; पण तिची अशी साखळी, महिन्यामागून महिना, दिसत नाही. तराजू नेहमी एकीकडेच झुकत असेल तर घाईला दोष देऊन भागत नाही, तराजू तपासावा लागतो.

कुणी म्हणेल, दुसऱ्या वंशाची माणसं सगळ्यांनाच एकसारखी वाटतात, त्यात वर्णद्वेष कुठे आला? या गोष्टीचा मानसशास्त्रात अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत मालपास आणि क्रॅव्हिट्झ या संशोधकांनी १९६९ साली तो मांडला आणि पुढे अनेकांनी पडताळला. आपल्या अवतीभवतीच्या गटातले चेहरे आपण बारकाईने ओळखतो, बाहेरच्या गटातले ढोबळपणे. पण यातून निष्कर्ष काय निघतो? आपण कुणात वावरतो, कुणाकडे लक्ष देऊन बघायची आपल्याला गरज पडते, यावर आपली नजर घडते. काळ्या माणसाला गोरा साहेब, गोरा शिक्षक, गोरा न्यायाधीश वेगवेगळा ओळखावाच लागतो, नाहीतर त्याचं चालत नाही. गोऱ्याचं मात्र न ओळखता चालून जातं. घरातल्या मोलकरणीला मालकिणीचा चेहरा, मूड, पावलांचा आवाजसुद्धा पाठ असतो. मालकिणीला कित्येकदा तिचं आडनावही माहीत नसतं. तेव्हा न ओळखता येणं हा डोळ्यांचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. ज्याच्या हाती सत्ता असते त्याला ती सवलत मिळालेली असते. शिवाय वृत्तपत्र म्हणजे रस्त्यावरचा वाटसरू नव्हे. ओळखणं, पडताळणं हे त्याचं कामच आहे, आणि त्याचे पैसे तो वाचकाकडून घेतो.

म्हणून बातमी जिथे तयार होते त्या खोलीत कोण बसलं आहे, हे बघावं लागतं. १९६७ साली अमेरिकेतल्या शहरांत दंगली झाल्या. त्यांची कारणं शोधायला नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८च्या अहवालात माध्यमांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. वृत्तसंस्थांत संपादकीय काम करणाऱ्यांत काळे लोक पाच टक्क्यांहूनही कमी आहेत, आणि माध्यमं जगाकडे गोऱ्या माणसाच्या नजरेने बघतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. १९७८ साली तिथल्या संपादकांच्या संघटनेने ठरवलं की २००० सालापर्यंत वृत्तकक्षात अल्पसंख्याकांचं प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणाइतकं आणायचं. ते जमलं नाही, तेव्हा मुदत २०२५पर्यंत पुढे ढकलली. प्यू या संशोधन संस्थेने २०२३ साली दिलेल्या आकड्यांनुसार अमेरिकेतल्या पत्रकारांत काळे सहा टक्के आहेत. एकूण नोकरदारांत ते अकरा टक्के आहेत. म्हणजे पान सुटण्याआधी 'अहो थांबा, ही ती नव्हे' असं म्हणणारं माणूस बऱ्याच खोल्यांत नसतंच.

आता मला सगळ्यात अस्वस्थ करणाऱ्या गोष्टीकडे येते. ही चूक नेमकी कोणत्या मजकुरात होते ते पाहा.

अडूत अकेच ही दक्षिण सुदानी निर्वासित कुटुंबातली मुलगी केनियातल्या काकुमा छावणीत वाढली, मग ऑस्ट्रेलियात आली आणि जगप्रसिद्ध मॉडेल झाली. २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या 'हू' या मासिकाला तिने मुलाखत दिली. निर्वासितांकडे लोक कसे बघतात, काळ्या रंगाकडे कसे बघतात, याबद्दल ती बोलली. अंक आला तेव्हा तिच्या शब्दांशेजारी मोठा फोटो होता फ्लाविया लाझरस या दुसऱ्या काळ्या मॉडेलचा.

जून २०२०मध्ये 'लिटिल मिक्स' या ब्रिटिश गायिकांच्या समूहातली जेड थर्लवॉल स्वतःला आलेल्या वर्णद्वेषाच्या अनुभवांबद्दल बोलली. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन या बातमीसेवेने तिच्या बातमीला फोटो लावला त्याच समूहातल्या ली-ॲन पिनॉकचा. दोघीही मिश्र वंशाच्या. हा फोटो माणसाने निवडला नव्हता. संपादकांना कमी करून त्यांच्या जागी आणलेल्या यंत्रप्रणालीने तो निवडला होता.

मार्च २०२२मध्ये सेरेना विल्यम्सने नवउद्योगांत गुंतवणूक करण्यासाठी ११.१ कोटी डॉलरचा निधी उभा केला. ज्या उद्योजकांकडे, विशेषतः स्त्रियांकडे आणि काळ्या लोकांकडे, दुर्लक्ष होतं त्यांना हात द्यायचा हा त्यामागचा हेतू. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यावर लेख केला आणि छापील अंकात फोटो लावला तिच्या बहिणीचा, व्हीनसचा. सेरेनाने जाहीरपणे म्हटलं की ज्यांच्याकडे दुर्लक्ष होतं त्यांच्यासाठीच हा निधी आहे, कारण माझ्याकडेही दुर्लक्षच होतं. तेवीस ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदं मिळवलेली बाई हे म्हणते आहे.

'आमच्याकडे नीट बघा' असं बाई सांगते आहे, ते तिचं सांगणं छापलं जातं आहे, आणि छापणारा तिच्याकडे बघत नाही. तिची व्यथा त्याला 'विषय' म्हणून हवी आहे. ती स्वतः, तिच्या नावाची, तिच्या चेहऱ्याची अशी, नसली तरी विषय पुढे चालतो.

आणि दर वेळी नुकसान दोघींचं होतं. एकीचं नाव जातं, दुसरीचा चेहरा तिला न विचारता वापरला जातो. माफी बहुतेक वेळा पहिलीची मागितली जाते. दुसरीचा उल्लेख 'अन्य एक मॉडेल' असा होतो.

कधी तर फोटोतून कापूनच टाकतात. जानेवारी २०२०मध्ये दाव्होस इथे हवामानबदलावर काम करणाऱ्या पाच तरुणींचा एकत्र फोटो काढला गेला. चौघी गोऱ्या, त्यांत ग्रेटा थुनबर्ग. पाचवी युगांडाची व्हनेसा नाकाटे. असोसिएटेड प्रेसने फोटो दिला तेव्हा नाकाटे कडेने कापलेली होती. मागची इमारत अडचणीची वाटली म्हणून कापलं, असं स्पष्टीकरण आधी दिलं गेलं; पुढे संस्थेच्या कार्यकारी संपादक बाईंनी जाहीर माफी मागितली. त्याच सुमारास काही बातम्यांत नाकाटेला झांबियाच्या नताशा म्वान्सा या कार्यकर्तीच्या नावाने दाखवलं गेलं. आफ्रिका खंडातून आलेल्या दोन मुली वेगळ्या असू शकतात, हे ध्यानातच आलं नाही.

चेहरा ओळखला तरी पुढे शिक्का असतो. सप्टेंबर २०१४मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या दूरचित्रवाणी समीक्षिकेने निर्माती-लेखिका शोंडा राइम्सवर लेख लिहिला आणि तिला 'संतापी काळी बाई' या साच्यात बसवलं. ज्या मालिकेच्या निमित्ताने लिहिलं ती मालिका निर्माण केली होती पीट नोवॉक या गोऱ्या पुरुषाने. म्हणजे शिक्काही मारला आणि श्रेयाची नोंदही चुकवली. टीका झाली तेव्हा त्याच वृत्तपत्राच्या वाचक-प्रतिनिधी मार्गारेट सलिव्हन यांनी छडा लावला. छापण्यापूर्वी निदान तीन संपादकांनी लेख वाचला होता, एकालाही काही खटकलं नव्हतं. आणि कला-संस्कृती विभागातल्या वीसएक समीक्षकांत एकही काळी व्यक्ती नव्हती.

२०१८च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यानंतर मेलबर्नच्या 'हेराल्ड सन'मध्ये एक व्यंगचित्र आलं. त्यात सेरेना थयथयाट करणारी, ओठ-नाक अवाढव्य. समोरची नाओमी ओसाका मात्र गोरी, सोनेरी केसांची. ओसाकाची आई जपानी आणि वडील हैतीचे. ती स्वतः सावळी. एकीला काळेपणाचा शिक्का, दुसरीचा काळेपणा पुसून टाकलेला, तेही एकाच चौकटीत. पुढच्याच वर्षी निस्सिन या जपानी नूडल्स कंपनीच्या जाहिरातीत ओसाकाला पुन्हा गोरं रंगवलं गेलं. ओरड झाल्यावर जाहिरात मागे घेतली.

या बाबतीत आपणही फार लांब नाही. २०२० साली कमला हॅरिस उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या तेव्हा आपल्याकडे 'भारतीय वंशाच्या' म्हणून कौतुकाला भरतं आलं. आई श्यामला गोपालन तामिळ, हे खरंच. पण वडील जमैकाचे, शिक्षण काळ्यांसाठी स्थापन झालेल्या हॉवर्ड विद्यापीठातलं, आणि हॅरिस स्वतःला काळी म्हणत आल्या, हे आपण हळूच बाजूला ठेवलं. जुलै २०२४मध्ये ट्रम्प यांनी काळ्या पत्रकारांच्या परिषदेत म्हटलं की या बाई आधी भारतीय होत्या, मग अचानक काळ्या झाल्या. ते ऐकून आपल्याला राग आला. पण बाईचा आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलायचा, हे तर आपणही केलं होतं.

यावर कुणी म्हणेल, ही सगळी नामवंत, पैसेवाली माणसं. फोटो चुकला तर दोन तासांत माफी येते. आपण कशाला काळजी करायची? माझं म्हणणं असं की जगात सगळ्यात जास्त वेळा छापला गेलेला चेहरा जर ओळखला जात नसेल, तर ज्या बाईचा फोटो फक्त ओळखपत्रावर आहे तिचं काय? जॉय ब्युओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन काळ्या संशोधिकांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या संगणकप्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण फार तर ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. असलीच चेहरे जुळवणारी यंत्रं पोलीस वापरतात. फेब्रुवारी २०२३मध्ये डेट्रॉइट शहरात आठ महिन्यांच्या गरोदर काळ्या बाईला गाडी लुटल्याच्या आरोपावरून तिच्या दारात अटक झाली. यंत्राने चुकीचा चेहरा जुळवला होता. महिन्याभरात खटला काढून टाकला गेला. पण अटकेचा तो दिवस कोण परत घेणार?

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला व्यक्तीची नोंद लिहायला शिकवलं तेव्हा पहिली ओळ होती नावाची, आणि ते ती सांगते तसं लिहायचं, आपल्याला सोपं वाटतं तसं नाही. तेव्हा तो कागदोपत्री नियम वाटला होता. कामाला लागल्यावर त्याचं वजन कळलं. नाव नीट लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप त्या बाईला विचारला जातो, तिच्या 'प्रकारा'ला नाही.

नाव घेतलं जाण्याची किंमत आपल्याला निराळी सांगायला नको. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून मुलीचं माहेरचं नाव पुसायची रीत आपल्याच घरांतली. तरी एक सांगते. आपला अनुभव आणि काळ्या बायकांचा अनुभव एकच, असं म्हणून मोकळं होऊ नका. ते म्हणणं म्हणजे पुन्हा सगळ्यांना एका गाठोड्यात बांधणं. आपल्या अनुभवाचा उपयोग त्यांचं नीट ऐकण्यासाठी करायचा.

आणि इथे काय करायचं, तर फोटोखालच्या ओळी वाचायला लागू या. मोर्चाच्या फोटोखाली पुढाऱ्याचं नाव असतं आणि बाकीच्या 'आदिवासी महिला' किंवा 'उपस्थित महिला' असतात. वार्ताहर आला की नावांची यादी उभ्या असलेल्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे, आपणच लिहून त्याच्या हातात देऊ. चूक छापली तर पत्र पाठवू, आणि त्यात दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे मागू. जिचा चेहरा चुकून वापरला त्या दुसरीचं नावही दुरुस्तीत यायला हवं, असा आग्रह धरू. आपल्या भागातल्या वृत्तपत्राच्या कचेरीत कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या जातीतल्या, कोणत्या भाषेच्या मुली कामाला आहेत, हे एकदा जाऊन विचारू. पान सुटण्याआधी 'थांबा' म्हणणारी कुणी तिथे बसली असेल, तर पुष्कळ माफ्या वाचतील.

माझं बोलणं इथे थांबवते. येताना प्रत्येकीने गेल्या आठवड्यातलं एक वर्तमानपत्र आणलं आहे. त्यातला एक फोटो निवडा, ज्यात एकाहून जास्त बायका आहेत. खालच्या ओळीत कुणाचं नाव आहे, कुणाचं नाही, ते पाहू या आणि तिथून चर्चेला सुरुवात करू या.